दाबल्यावर वर आलेला सूर

आई गेल्यानंतर घर आवरताना माझ्या शाळकरी वयातल्या गाण्याची, घरीच भरलेली एक कॅसेट सापडली. ती संगणकावर घेतली आणि सवयीने कॉम्प्रेसर लावला. त्याचं काम साधं असतं: मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज वर आणायचा. माझी तान खाली बसली आणि दोन ओळींमधल्या शांततेतून आई वर आली. स्वयंपाकघरात फोडणी देता देता ती माझ्यामागून तीच ओळ गुणगुणत होती. चारचौघांत ती कधी गायली नाही. ‘म्हण ना’ म्हटलं, की “मला कुठलं गं येतंय!” म्हणत पदराला हात पुसायची. आणि सूर तर माझ्याहून पक्का!

तेवढा तुकडा कापून मी ‘ग्रॅन्युलर डिले’ नावाच्या इफेक्टमध्ये टाकला. त्यात आवाजाचा रवा होतो आणि कण न् कण रेंगाळत परत येत राहतो. खोली तिच्या आवाजाने भरली.

“फोडणीची चरचर काढून टाकू?” नवऱ्याने हळूच विचारलं.

“नको. राहू दे.”

तिचा एक सूर मी आता हवा तितका लांबवू शकते. पण ओळ संपते तिथे कढईवर झाकण पडतं, आणि पुढची ओळ मी एकटीच म्हणते.