प्लॅस्टिकचा वास घेणारे सर

“आधी वास, मग नाव,” असं म्हणत सर प्लॅस्टिकचा तुकडा चिमट्यात धरून पेटवायचे, फुंकर मारून विझवायचे आणि धूर तळहाताने अलगद नाकाकडे ओढायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हा माणूस अत्तराच्या दुकानात शोभला असता!

फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात जुनं प्लॅस्टिक वितळवून नवे दाणे करतात. आलेला माल कसला, हे सर ठरवायचे. मेणबत्तीचा वास आला तर पॉलिथिन, जळक्या केसांचा आला तर नायलॉन. मी त्यांची मदतनीस. दोघेच मराठी, त्यामुळे आमचं रसायनशास्त्रही मराठीत चालायचं.

“सगळी कार्बनची साखळी गं. मध्येमध्ये हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसला, की झालं पीव्हीसी. बिल्कुल वेगळा स्वभाव!” एखाद्या बिघडलेल्या भाच्याबद्दल बोलावं, तसं ते सांगायचे.

मग ते तापाने आजारी पडले. आठवड्याने परतले आणि पूर्वीसारखंच काम करू लागले.

एका दुपारी मशीनमधून आंबट, उग्र वास सुटला. सरांनी पॉलिथिन म्हणून पास केलेल्या मालात पीव्हीसी होतं, आणि ते तापलं की विषारी वायू सोडतं. “बंद करो, बाहर निकलो!” ओरडत कामगार पळाले. सर मशीनपाशीच उभे.

“अगं, सगळे का पळताहेत?”

मी त्यांना हात धरून अंगणात आणलं. तिथे म्हणाले, “तापानंतर कसलाच वास येत नाही. साबण नाही, चहा नाही.”

“मग सांगितलं का नाही, सर?” मी चिडलेच.

“या नाकाशिवाय मला इथे कोण ठेवेल गं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मालकांना सगळं सांगून राजीनामा दिला. नोटिशीचा महिनाभर मी वास घ्यायची आणि ते विचारायचे, “कसा आहे? नीट सांग.”

शेवटच्या दिवशी त्यांनी थर्माकोलचा तुकडा पेटवून विझवला आणि पुढे केला. “पॉलिस्टायरीन. यात झेंडूचा वास येतो बघ.”

मला त्यात नुसता काजळीचा वास आला.

“येतो?”

“येतो, सर.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

आता आमच्याकडे यंत्र आलंय, ते क्षणात नाव सांगतं. मला मात्र सरांची फार आठवण येते. दसऱ्याला त्यांचा अमरावतीहून फोन आला. “दाराला झेंडूचं तोरण लावलंय गं. पण वास...”

मी माझ्या दारावरच्या तोरणातलं एक फूल तोडलं, बोटांत चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि सांगू लागले. ओलसर, कडवट, मातीचा, थोडा पानांचा. मी थांबले की पलीकडून यायचं, “अजून.”