लुक आफ्टर म्हणजे नंतर बघू?

मंडळी, आज सकाळी शेजारच्या सुमनकाकू तोंड पाडून दारात आल्या. वडाळ्याच्या एका टॉवरमध्ये बाळ सांभाळायचं काम मिळेल म्हणून बिचाऱ्या कधीच्या वाट बघत होत्या.

मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "गेलां गो काम! नंतर बघू म्हणते ती बाई."

मी मेसेज वाचला. बाळाच्या आईने विचारलं होतं, "कॅन यू लुक आफ्टर माय सन फ्रॉम मंडे?"

लुक म्हणजे बघणे, आफ्टर म्हणजे नंतर. काकूंनी जोडून टाकलं, नंतर बघू! काम मागणाऱ्याला हे उत्तर इतक्यांदा मिळतं की त्यांना शंकासुद्धा आली नाही.

"अहो काकू, काम मिळालंय! लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं."

"मग सरळ सांभाळाल का विचारायचं ना! बघण्याचा आणि सांभाळण्याचा काय संबंध?"

इंग्रजी आहे, असंच असतं, एवढंच मी म्हणणार होते. तेवढ्यात काकूंनाच काहीतरी आठवलं.

"अगो, तुझी आई आजारी होती तेव्हा ऑफिसला जाताना तू काय सांगायचीस? काकू, आईकडे बघा हां! मग मी काय नुसती बघत बसले होते?"

आतून आईचं खणखणीत हसू ऐकू आलं.

काकूंनी एकेक अक्षर शोधत स्वतःच उत्तर पाठवलं, "येस. आय लुक आफ्टर." ग्रामर मी सुधारलं नाही. सोमवारपासून काकू कामावर!

तुमच्या घरी असं कोण 'बघतं' हो?