केसपेपर काढा, रांगेत उभे राहा

आम्ही नर्सेस पेन्शनसाठी संपावर होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीतले आजोबा टीव्हीवर दिसले. लालबागच्या मार्केटात भाजी घ्यायला गेले होते, तिथे चॅनेलवाल्याने माईक पुढे केला. आजोबा म्हणाले, "पेशंट तडफडतायत आणि यांना म्हातारपणाची सोय सुचतेय! सगळ्यांना घरी बसवा, नवीन पोरी घ्या." हातात शेपूची जुडी होती, तीही तावातावाने हलत होती.

आजोबा स्वतः बँकेतून रिटायर झालेले. त्यांना दर महिन्याला पेन्शन येते. माझ्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टरांनाही मिळणार आहे. मी जुनी पेन्शन बंद झाल्यावर नोकरीला लागले, म्हणून मला बाजार वर-खाली होईल तसं काय हाती येईल ते. भांडण एवढंच होतं.

तो व्हिडिओ डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर फिरला. खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्या मुलाचे टाके मी घरी बसून काढले होते, त्यांचाही अंगठा होता. कोविडमध्ये याच लोकांनी माझ्यासाठी गॅलरीत थाळ्या वाजवल्या आणि नंतर नळावर यायला बंदी केली. ते मी गिळलं होतं. हे गिळवेना. कारण ड्युटीला जाण्याआधी आजोबांना इन्सुलिन मी टोचत होते. संपातही खाडा केला नव्हता. टीव्हीवर बोलले, त्या सकाळीही सुई माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी बाही वर केली. "ये गं पोरी, लवकर टोच. चहा निवतोय."

"मी संपावर आहे, आजोबा."

"ते हॉस्पिटलात. घरातलं वेगळं."

"वेगळं कसं? नवीन पोरी घ्या म्हणालात ना? घ्या."

मी आजींना हाक मारली, सुई त्यांच्या हातात दिली आणि शिकवायला लागले. आजींनी सुई आधी उलटीच धरली. आजोबा ओरडले, "हिला नको! ही मारेल मला!"

आजी म्हणाल्या, "गप रवा. टीव्हीर बोलताना भ्या नाय वाटला?"

पहिल्या वेळी सुई जरा तिरकी गेली. आजोबा कळवळले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आजी पटकन शिकल्या. पुढे पुढे तर इन्सुलिन झाल्याशिवाय ताट मिळणार नाही आणि ताटात काय पडेल हेही त्याच ठरवू लागल्या. चहातली साखर गेली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. भिंतीपलीकडून आजोबांची कुरकुर ऐकत मी वेणी घालायची.

सरकारने तोंडभर आश्वासनं दिली, संप मागे घेतला गेला. चाळीतले लोक पुन्हा दारात येऊ लागले. कुणाला बीपी बघून हवं, कुणाला सलाईन लावून. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "ओपीडीत या. केसपेपर काढा, रांगेत उभे राहा." माणसं चिडली. कुणी म्हणालं, शिंगं फुटली हिला. फुटली तर फुटली.

पावसाळ्यात आजोबांच्या पायाचं बोट चिघळलं. ओपीडीच्या बाकावर ते आजींशेजारी बसले होते. मला बघून अर्धे उठले. "सिस्टर," म्हणाले. आजवर कधी म्हणाले नव्हते. "जरा आत घ्या ना."

"नंबर आला की बोलावतील."

बऱ्याच वेळाने नंबर आला. ड्रेसिंगला मीच होते. जखम स्वच्छ धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. कुठल्याही पेशंटचं करते तसंच. चाळीचा विषय नाही, तब्येतीची चौकशी नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"अजून राग आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे," म्हटलं. "परवा पुन्हा या. पाय ओला करू नका."

आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.