लाइट गेली तरी वाजलेली गिटार

भुताखेतांवर माझा विश्वास आधीही नव्हता, आजही नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारे, करणी... असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलंच नाही. त्यात मी जन्मभर शाळेत फिजिक्स शिकवलं. तेव्हा हे वाचून मला लिंबू-मिरची सुचवू नका!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणीत माझ्या वडिलांची – आबांची – गायन पार्टी होती. जयंतीला गावोगावी कार्यक्रम. मी कॉलेजात होतो आणि पार्टीचा लाउडस्पीकर, म्हणजे मशीन आणि भोंगा, सांभाळायचो. गिटारवर माझा आतेभाऊ, मिलिंददादा. सिकंदराबादला नोकरीत असताना तो रॉक शिकून आला होता. आता परभणीत रॉक कुणाला माहीत? दादा गिटार मशीनला जोडून आवाज मुद्दाम इतका वाढवायचा की भोंगा फाटल्यासारखा खरखरायचा. मग एक तार वर खेचून तो सूर धरून ठेवायचा... अंगावर काटा यायचा राव! लोक मात्र माझ्यावर ओरडायचे, "ओ मशीनवाले, भोंगा बिघडला तुमचा!"

आबांना ते अजिबात खपायचं नाही. दुसऱ्या कडव्यानंतर दादाची जागा ठरलेली; पण त्यानं तार खेचली की आबा मध्येच पुढचं कडवं उचलायचे. "गाणं समाजाचं हाय मिल्या, तुझ्या तारंचं न्हाई."

दादा हसायचा. "मामा, एकदा पुरं होऊ द्या की. मग बोला."

एवढंच त्याचं मागणं. ते कधी पुरं झालं नाही. काविळीनं आठवड्यात गेला बिचारा. आत्यानं गिटार ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम सोनपेठला, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. पहिलं कडवं झालं आणि लाइट गेली. मशीनचा लाल दिवा विझला. बॅटरी आम्ही नेलीच नव्हती. आबा कसलेले, उघड्या गळ्यानं गात राहिले. दुसरं कडवं संपलं...

आणि भोंग्यातून तो सूर आला. तोच, खरखरीत, वर खेचलेला.

माझा हात मशीनवर होता. मशीन मेलेलं! मी भोंग्याची वायरच उपसून हातात घेतली, तरी वाजतंय. ढोलकीवाल्या नामदेवकाकांचे हात थांबले. समोरून एक बाई म्हणाली, "लाइट न्हाई अन् भोंगा कसा वाजायलाय ओ?" म्हणजे भास म्हणावा, तर तो सगळ्यांनाच झाला.

आबांनी पुढचं कडवं उचलायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी... पण सूर पार संपेपर्यंत ते थांबले. मग गाणं पुढं गेलं.

नंतर मी सगळं तपासलं – जवळपास दुसरा भोंगा, रेडिओ... काही नाही. गिटार परभणीत ट्रंकेत, किल्ली आत्याच्या कमरेला. भूत नव्हतं, हे छातीठोक सांगतो. काय होतं, ते मात्र आजही सांगता येत नाही.

घरी आल्यावर आबांनीच आत्याकडून गिटार मागून घेतली. पार्टीतल्या पोरांना दादाची ती जागा तोंडानं गाऊन शिकवली. जिला दर कार्यक्रमात तोडलं, ती त्यांना अख्खी पाठ होती! आमच्याकडच्या पार्ट्यांत आजही तशीच तार खेचतात. दादाचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

आणि आबा? एखाद्या दिवशी गिटारवाला आला नाही, तरी ते दुसऱ्या कडव्यानंतर थांबायचे. नवा ढोलकीवाला गोंधळायचा, "आबा, का थांबलाव?"

"दम धर," आबा म्हणायचे. "मिल्याचं पुरं होऊ दे."