मर्यादेच्या आतली मान

“हा कोण?” डॉक्टरांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

“डमी,” मी म्हणाले. “चाचणीतला पुतळा.”

“वजन किती ह्याचं?”

“अठ्ठ्याहत्तर किलो.”

“आणि तुमचं?”

“सत्तेचाळीस.”

“मग ह्याला घरी पाठवा. ह्याला काही झालेलं नाही. तुम्ही बसा.”

मी बसले. त्यांनी माझ्या एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. सर्व्हायकल डिस्क प्रोलॅप्स, म्हणजे मानेच्या दोन मणक्यांमधली गादी मागे सरकून शिरेवर दाबते. माझी पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली सरकली होती. तिथून निघणारी शीर थेट अंगठ्यापर्यंत जाते. माझा उजवा अंगठा आठवडाभर बधिर होता आणि मी माउसला दोष देत होते.

तो कागद काय होता ते आधी सांगते, कारण माझ्यासारखा शहाणपणा तुमच्यापैकी कुणी करू नये.

२००७ साली मी हिंजवडीत गाड्यांच्या टकरींवर काम करत होते. टक्कर संगणकावर, माणूसही संगणकावरच. मागून धक्का बसला की आसन धडाला पुढे ढकलतं, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मधल्या मध्ये मानेचे हाल होतात. ह्याला व्हिपलॅश म्हणतात. त्या हालांचा आकडा काढायचा, तो ठरलेल्या मर्यादेच्या आत असला तर हिरवा रंग द्यायचा आणि पुढच्या आसनाकडे वळायचं, हे माझं रोजचं काम. पाच वर्षांत मी हजारो वेळा मान मोडली असेल. दुखलं कुणालाच नाही.

आणि मग आमची ऑफिसची जीप वळणावर उभी असताना मागून टेम्पो येऊन टेकला. टेकला असंच सगळे म्हणाले. बंपरला पोचा, दोन्ही चालकांची पाच मिनिटं शाब्दिक मारामारी, संपलं. मी मागच्या बाकावर होते, डोक्यामागे काही टेकण नव्हतं आणि मी मान वळवून खिडकीतून बाहेर बघत होते. कुणाला लागलं का, असं विचारल्यावर मीच हसून म्हणाले, “ह्या वेगाला मानेला काही होत नसतं.”

दुसऱ्या दिवशी मान आखडली. दुसरं कुणीही दवाखाना गाठला असता. मी जेवणाच्या सुट्टीत टेम्पोचं वजन आणि अंदाजे वेग घालून आमचीच टक्कर संगणकावर चालवली. आकडा मर्यादेच्या आत आला. हिरवा! तो आलेख पुतळ्याच्या चित्रासकट छापून मी तीन आठवडे त्याच्या भरवशावर बारा-बारा तास खुर्चीत बसले. डॉक्टरांपुढे ठेवला तो कागद हाच.

ती मर्यादा मध्यम बांध्याच्या, समोर बघत नीट बसलेल्या पुरुषावरून ठरवलेली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर मीच ते लिहीत असे.

डॉक्टरांनी माझं मनगट वर करायला सांगितलं आणि दोन बोटांनी खाली दाबलं. ते सहज खाली गेलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. ते म्हणाले, “सहा आठवडे औषध, विश्रांती, मग हळूहळू व्यायाम. दर सोमवारी मी जोर बघणार. कमी होत गेला तर लगेच ऑपरेशन. सहा आठवड्यांत वाढला नाही तरी ऑपरेशन. शीर फार काळ दाबलेली राहिली तर हात पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. बरोबर कोण आलंय?”

“कोणी नाही.”

“पुढच्या वेळी कोणाला तरी आणा.”

आणायचं कोणाला? माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण लग्न होऊन बावधनला गेली होती, तिच्या नव्या संसारात मी मान घेऊन कुठे जाणार? आई परभणीला. तिला सांगितलं असतं तर पहिल्या गाडीने येऊन मला सामानासकट उचलून नेलं असतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. मी बरी होते. प्रत्येक रविवारी मी अगदी बरी होते.

हिंजवडीजवळच्या मारुंजीतल्या खोलीत मऊ कॉलर लावून बसले की फक्त समोरची भिंत दिसायची. डॉक्टरांनी कॉलर दहाच दिवस सांगितली होती, पण ते दहा दिवस संपता संपेनात. ताट दिसायचं नाही, जिन्यावर पाय दिसायचे नाहीत. उजव्या हातातून पेला निसटायचा. गाडीच्या धडकेत माणसाचं काय होतं ते मला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत माहीत होतं. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी काय होतं, ते माझ्या कुठल्याच आलेखात नव्हतं. दुपारी तीनला मी रेडिओ लावायची, गाण्यांसाठी नव्हे, निवेदिका “कशा आहात?” विचारायची म्हणून. एकदा मी उत्तरही दिलं.

खाली घरमालकीण काकू राहायच्या. तीन आठवडे त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कॉलर दिसली तेव्हा कारण कळलं.

“आगं, ह्यासाठी व्हय?” त्या जिन्यातच थांबल्या. “मी खालनं हाक मारतीय, तू निस्ती सरळ बघतीयास. मला वाटलं, पगार वाढला, पोरीला ताठा आला.”

“मान वळत नव्हती काकू.”

“मग त्वांड व्हतं की! बोलायचं न्हाई?”

त्यांचं खरं होतं. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी माझी वेणी घालायला वर येऊ लागल्या. त्यांनीच ताट उपड्या पातेल्यावर ठेवून दिलं. “आता खाली मान घालायची न्हाई. डाक्टरनीच सांगितलंय, कुणाच्या बापाची भीती हाय?” असं म्हणून स्वतःच हसल्या. मग खाली जायच्या आणि पुन्हा भिंत.

चार सोमवार मनगट जिथल्या तिथे. पाचव्याला डॉक्टर म्हणाले, “थोडा जोर वाटतोय. पण मला खात्री नाही. पुढच्या वेळी ठरवू. ऑपरेशनची वेळ आली तर नातेवाइकाची सही लागेल.”

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. डिस्क, शीर, ऑपरेशन, सगळं ऑफिसच्या अहवालासारखं क्रमाने सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “जेवतीस कोणत्या हातानं?”

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “डाव्या.”

मग ती रडली आणि मीही रडले, कॉलर नसतानाही मान ताठ ठेवूनच.

पुढच्या सोमवारी ती माझ्या शेजारी बाकावर होती, सही करायला पेन हातात धरून. डॉक्टरांनी मनगट दाबलं. आणखी दाबलं. ते खाली गेलं नाही. “ऑपरेशन नको,” ते म्हणाले. “अंगठ्याची संवेदना हळूहळू येईल. कदाचित पूर्ण येणारही नाही.”

मागून धक्का बसलेल्या कुणी हे वाचत असेल तर माझं एवढंच ऐका: गाडीला किती लागलं यावरून आपल्याला किती लागलं ते ठरवू नका, आणि आज एका माणसाला सांगा. मी त्या डॉक्टरांची आणि काकूंची कायमची ऋणी आहे.

दवाखान्याच्या खाली आम्ही जेवायला बसलो. वाफाळती पोळी आली. दोन महिन्यांनी मी उजव्या हाताने घास मोडायला घेतला आणि अंगठा पोळीवर तसाच दाबून ठेवला, कारण त्याला चटका कळतच नव्हता.

“गरम हाय ती,” आई म्हणाली, आणि माझा हात उचलून फुंकर घातली.