टालावरची सत्यशीला

बल्लारशाह स्टेशनावर ब्लँकेट वाटायला येणारी माणसं सत्यशीलाला लांबूनच ओळखू यायची. ती घोळक्याने येत आणि ब्लँकेटच्या आधी मोबाइल काढत. मग आडव्या पडलेल्याला हलवून उठवायचं, ब्लँकेटचं एक टोक त्याच्या हातात द्यायचं आणि दुसरं फोटो निघेपर्यंत आपण सोडायचं नाही. अशाच एका ओढाताणीत सत्यशीला म्हणाली, "द्याचं हाय का नाई, एकदाचं ठरवा जी."

ब्लँकेटवाल्या बाईंना फार लागलं. गरिबाच्या अंगी नम्रता असावी, असं काहीतरी बोलून त्या पुढच्या बाकाकडे वळल्या.

सत्यशीला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मूळची सिंदेवाहीकडच्या ढिवरांची. बाप तलावात मासे धरायचा. तो गेला तशी आई मिरची तोडायला तेलंगणात गेली, तिकडेच तिने दुसरं घर केलं आणि पोरीला एका बालगृहात सोडून दिलं. बालगृहाने तिला दहावीपर्यंत शिकवलं, भरतकाम शिकवलं आणि पाहुण्यांसाठी स्वागतगीतं शिकवली. अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी अधीक्षिकाबाईंनी तिला ऑफिसात बोलावून पेढा दिला, "आता तू मोठी झालीस," म्हणाल्या आणि गेटपर्यंत पोचवलं. मोठ्या झालेल्या पोरीने झोपायचं कुठे, हे एकाही स्वागतगीतात नव्हतं.

मग ती लग्नाच्या पंगतींमागे भांडी घासू लागली आणि स्टेशनाच्या वेटिंग रूममध्ये झोपू लागली. तिथेच तिला उमेरा भेटली, राजुऱ्याची. ठरलेल्या निकाहाला नाही म्हटलं म्हणून भावांनी तिला घराबाहेर काढलं होतं. दोघी दिवसा स्टेशनामागच्या आबिदाबीच्या खानावळीत पडेल ते काम करत आणि तिथेच जेवत. आबिदाबी जेवू घालताना शिव्या द्यायची, पण ताट कधी अर्धं वाढलं नाही.

याच सुमारास भूपेशभाऊला बेघर तरुणांचा कळवळा आला. भूपेशभाऊने त्याआधी मोबाइलचं दुकान काढून पाहिलं होतं, प्लॉट विकून पाहिले होते आणि गणपती मंडळाचं अध्यक्षपदही करून पाहिलं होतं. कशानेच त्याचा फोटो चौकाबाहेर गेला नव्हता. बेघरांचं काम गावात कोणी करत नव्हतं, म्हणजे तिथे गर्दी नव्हती. सासऱ्याचा टाल, म्हणजे लाकडाची वखार, कित्येक वर्षं बंद पडला होता. भूपेशभाऊने त्याला चुना मारला आणि वर बोर्ड लावला, 'बेघर युवा निवारा'. बोर्डावरचा त्याचा चेहरा निवाऱ्याच्या दारापेक्षा मोठा होता.

उद्घाटन जानेवारीत झालं. सकाळीच एक टेम्पो स्टेशनावर आला आणि सत्यशीला, उमेरा आणि आणखी काही पोरापोरींना घेऊन गेला. सगळ्यांना आंघोळी घातल्या, भाऊचा फोटो छापलेले टी-शर्ट दिले आणि नव्या गाद्यांवर रांगेत बसवलं. पाहुणे आले, नारळ फुटला, भाषणं झाली. उमेरा गादीवरून हात फिरवत राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या पाठीखाली मऊ काही येणार होतं.

दुपारी पाहुण्यांची शेवटची गाडी वळली आणि बिछायत केंद्राची माणसं आत शिरली. गाद्या भाड्याच्या होत्या. त्यांनी पोरांना उठवून गाद्या गुंडाळल्या आणि नेल्या. टी-शर्ट तेवढे राहू दिले. भूपेशभाऊने दाराला कुलूप घातलं.

"भाऊ, आमी कुठी झोपाचं?" सत्यशीलाने विचारलं.

"अजून काम बाकी आहे बेटा. उद्घाटन झालं म्हणजे सुरू झालं, असं नसते."

सत्यशीलाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. नाल्यात तरंगणारं काही पाहावं तसं. मग ती खानावळीत गेली आणि तिने आबिदाबीचा लोखंडी बत्ता उचलला.

"कहाँ ले जा रही?" आबिदाबी ओरडली. "वापस लाना, मसाला कूटना है."

बत्त्याच्या दोन-चार घावांत कडी निघाली. सगळे आत गेले. पोरी ऑफिसच्या खोलीत, पोरं शेडमध्ये, सगळे उघड्या फरशीवरच झोपले.

सकाळी भूपेशभाऊ पोलिसांना घेऊन आला. सोबतच्या फौजदाराने दार पाहिलं, आत डोकावलं आणि शेवटी बोर्ड वाचला.

"भाऊ, हे लोक बेघर आहेत ना?"

"हो, पण..."

"युवा पण दिसतात."

"साहेब, कुलूप तोडलं त्यांनी!"

"कालच्या फोटोत हेच आत बसले होते. मोबाइलवर पाहिला मी. आज यांना बाहेर काढून गुन्हा कोणता लिहू?" फौजदाराने टोपी सारखी केली. "विचार करा. पेपरवाले येतील, मग पुन्हा फोटो निघतील."

भूपेशभाऊला कोणते फोटो निघतील ते कळलं. "माझी लेकरंच आहेत ही," तो मोठ्याने म्हणाला आणि जवळच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेला.

"थुंकाच्याच लायकीचा हाय हा माणूस," सत्यशीला उमेराला म्हणाली. "पण लाइटचं मीटर त्याच्या नावावर हाय." म्हणून ती थुंकली नाही. बत्ता मात्र परत करून आली.

त्यानंतर टाल चालवला तो तिनेच. संध्याकाळी ती स्टेशनावर, बसस्टँडवर जायची. एकटं पोर दिसलं की शेजारी बसायची. "जागा हाय. पंखा हाय. संडासाले दार नाई. येत असशीन तर ये." गोड बोलणं तिला जमत नसे. रडणाऱ्याला ती रडू द्यायची आणि संपलं की झाडू द्यायची. काही जण तिच्या तोंडाला कंटाळून परत स्टेशनावर गेले. बरेच राहिले, कामाला लागले.

दोन वर्षांनी या कामाबद्दल नागपुरात पुरस्कार मिळाला, भूपेशभाऊला. त्याने सत्यशीलाला सोबत नेलं. "दोन शब्द बोल पोरी. थोडी रडली तरी चालन."

सत्यशीला माइकपुढे उभी राहिली. "आमच्या संडासाले दार नाई. एक पोरगी आत गेली का दुसरी ओढणी धरून उभी राह्यते. भाऊले आज शाल भेटली. तेच तिथी टांगू."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. 'किती सहज बोलली' असं कोणीतरी म्हणालं. दार कोण बसवणार, हे एकानेही विचारलं नाही. सत्यशीलाला या टाळ्यांची जितकी शिसारी आली तितकी भूपेशभाऊचीही कधी आली नव्हती. तो निदान घाबरला तरी होता. परत आल्यावर आठवड्याभरात त्याने सुतार पाठवला. दार हिरव्या रंगाचं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'सौजन्य : भूपेशभाऊ मित्रपरिवार'. एक पोरगा नाव खरवडू लागला तेव्हा सत्यशीलाने त्याला थांबवलं. "राहू दे. त्याची जागा त्यानंच शोधली."

यंदा उन्हाळ्यात उमेराला मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर काम मिळालं, राहायच्या खोलीसकट. निघताना ती पिशवी घेऊन दारात घुटमळत राहिली.

"सुट्टी मिली तो आऊँगी," ती म्हणाली.

"काऊन? इथी काय ठेवलं हाय?" सत्यशीला उमेराच्या पलंगावरची चादर ओढून काढत होती. "परत आली तर दारात उभी नाई करन मी तुले. बस निघून जाईन, पय."

उमेरा हसली आणि पळाली. सत्यशीलाने चादर नळाखाली टाकली, दगडावर आपटून आपटून धुतली आणि तारेवर वाळत घातली. मग ती तशीच ओल्या हातांनी बसस्टँडकडे निघाली. गडचांदूरची एक पोरगी सकाळपासून तिथे एकटीच बसून आहे, असं आबिदाबीने सांगितलं होतं.