कोंबड्याच्या झाकणाची बरणी

“आवस गावभर बरण्यो वाटीत रवली आणि चेडवाकडे एकय नाय!” आईच्या तेराव्याला शेजारच्या रुक्मीकाकी मागच्या पडवीत आपल्या जावेला सांगत होत्या. मी भिंतीआड उभी होते.

आई गावभर बरण्या वाटत राहिली आणि मुलीकडे एकही नाही, यात खोटं काय होतं? आमच्या आईइतका मातीवर जीव टाकणारी बाई सबंध मालवणात दुसरी झाली नसेल. ती गोव्यातल्या ख्रिस्ती घरातली, बाबांशी लग्न करून इकडे आलेली. मधली काही वर्षं पोर्तुगीज गोव्याची हद्द बंद होती, तिला माहेरी जाता येईना. तेव्हा तिने परसात भट्टी घातली आणि मातीतूनच माहेर करायला घेतलं. पांढऱ्या बरण्या, त्यांवर माहेरच्या भिंतीवरच्या फरश्यांसारखी निळी फुलं, आणि झाकणावर कोंबडा, कारण माहेरच्या कौलांवर कोंबडा होता. हाताच्या सवयीने तिने नव्या तुळशीवृंदावनावरही एक बसवला. आजी बघतच राहिली. “तुळशीर कोंबो?” आई जीभ चावून तो काढायला धावली, तर आजी म्हणाली, “असांदे. ह्या घरात कोण तरी सकाळी वेळेर उठात.”

मला त्या बरण्यांचा भयंकर हेवा वाटे. मी कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमधून सुट्टीत आले की आई मातीचे हात मागे धरून लांबूनच हसे, माझा फ्रॉक खराब होईल म्हणून. त्याच हातांनी ती ओल्या बरण्यांची पोटं गोंजारी. माझ्याशी पुस्तकातल्यासारखं जपून मराठी बोले आणि बरण्यांशी मात्र मनसोक्त कोकणीत भांडे. “सारकी राव गो, पोट आंत घे!” असं प्रेमाने मला ती कधीच ओरडली नाही.

बरणी देण्याचा तिचा एकच कायदा होता. हवी त्याने स्वतः यायचं, तोंडाने मागायचं आणि आत काय घालणार ते सांगायचं. मग ती त्या माणसाकडे बघून बरणी घडवी. देवबागच्या एका लठ्ठ खलाशाने सुक्या बांगड्यांसाठी मागितली. त्याची बरणी हुबेहूब त्याच्यासारखी निघाली, मानच नाही. “ही तर माझी भयण!” म्हणत तो ती छातीशी धरून घेऊन गेला. शाळेतले मास्तर “कशासाठी ते अजून ठरलं नाही” म्हणाले, त्यांना तिने रिकाम्या हाती परत पाठवलं. रुक्मीकाकींना लोणच्यासाठी मिळाली. मी कधी मागितलीच नाही. पोटच्या मुलीने मागायचं कशाला? दर सुट्टीत आई विचारी, “तुला काही हवं का?” मी म्हणे, “नो, थँक यू.” घरात उरत त्या भट्टीत तडकलेल्या. त्यांत आम्ही कोळसा ठेवत असू.

तेराव्याची पंगत उठली. काकींनी जेवणासाठी लोणचं भरून आणलेली त्यांची बरणी धुऊन पडवीत पालथी घातली होती. शेजारी झाकण, कोंबड्याची चोच उडालेली. मी ती उचलली आणि मला खाली ठेववेना.

“काय गो बाय?” काकींनी विचारलं. मी बरणी आणखी जवळ ओढली, तशी त्यांनी अगदी आईच्या सुरात म्हटलं, “आत काय घालतलंस?”

मला मास्तर आठवले. तरीही, जन्मात पहिल्यांदा तोंडाने मागत, मी म्हटलं, “काय घालूचा ता मागीर बघूया, काकी. आधी माका होयी.”